हलक्या हाताची माणसं

दुकानाच्या दारातले ते दोन उंच खांब कोकलले, तेव्हा ते आपल्यासाठीच कोकलताहेत हे तिला पहिल्या क्षणी कळलं. तरीही दुसऱ्या कुणाकडे बघावं तसं तिने मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. टळटळीत दुपार होती. दुकानात गिऱ्हाईक तुरळक होतं, आणि कोंडलेल्या गार हवेत सगळ्या सुगंधी बाटल्यांचा मिळून एकच डोक्यात चढणारा वास भरला होता. दारावरची मुलगी स्टुलावरून उतरून आली. अंगावरचा गणवेश तिच्या मापाचा नव्हता, बाह्या दुमडून घेतल्या होत्या. "एक मिनिट हं आजी, पिशवी दाखवता?" पिशवीत होतं ते सगळं निरपराध होतं. चष्म्याचं घर, रुमाल, नातीसाठी घेतलेली खोडरबरं आणि त्यांची पावती. "सॉरी हं, जरा हात वर—" मुलगी म्हणाली, आणि हात पुरते वर व्हायच्या आतच तिने बोटांची टोकं दोन्ही कुशींना लावून काढून घेतली, तवा तापलाय का बघताना लावावीत तशी. "छत्रीच्या तारांनी वाजलं असेल. होतं कधी कधी. जा तुम्ही आजी. सावकाश, पायरी आहे."

म्हणजे सुटलो. बाहेरचं ऊन दोन पावलांवर होतं. छत्री डाव्या हातात, पट्टा नीट लावलेली, आणि तिच्या घडीत, दोन तारांच्या मध्ये, एक लिपस्टिक होती. लालभडक. जन्मात तिने ओठांना सायीखेरीज काही लावलं नव्हतं. सुटलो हे कळल्यावर जी नाचरी लहर अंगातून जायला हवी होती, नातीच्या पुस्तकातल्या पीस नावाच्या चोर पोरीच्या अंगातून जाते तशी, ती काही आली नाही. आला तो राग. ही काय झडती झाली? याला झडती म्हणतात?

तिचं सगळं आयुष्य झडतीत गेलं होतं. मनगटी घड्याळांच्या कारखान्यात ती फाटकावर होती. पाळी सुटली की बायकांची रांग लागायची. फाटकाशी खिळ्याला जाड कापडाची एक पिशवी टांगलेली, तिच्यात लाकडी मणी, पांढरे पुष्कळ आणि काळे थोडे. प्रत्येकीने न बघता हात घालून एक मणी काढायचा. पांढरा निघाला तर घरी, काळा निघाला तर पडद्यामागे, झडतीबाईकडे, म्हणजे तिच्याकडे. त्यामुळे कुणावर संशय घेतला असं होत नाही, असं कारखान्याचं म्हणणं. संशय नाही, नुसता मणी. पण काळा मणी हातात आलेली बाई रांगेतून बाहेर पडली की पुढच्यामागच्या दोघी नकळत जराशा बाजूला सरायच्या, हे तिने रोज बघितलं होतं. रांगेत चेष्टा चालायची. "झडतीबाई, गुदगुल्या नका करू हो!" "अगं, करू दे की. घरी कोण करतंय!" "बाई, तुमचा हात आमच्या ह्यांना उसना द्या, ते नुसते घोरतात." हशा पडद्यापर्यंत यायचा आणि पडद्याशी चप्पल काढून ठेवावी तसा बाहेरच राहायचा. आत आलेली बाई हात पसरून उभी राहायची आणि भिंतीवरच्या पोपड्याकडे बघत असायची. अंबाड्यात बोटं, कॉलरच्या शिवणीत बोटं, काखेत, कमरेच्या नाडीखाली, बुटांच्या जिभेखाली. यंत्राच्या तेलाचा वास आणि त्याखाली त्या त्या बाईचा वास. कुणाला दिवस गेलेत ते तिला त्या बाईच्या सासूआधी कळायचं. कुणाच्या पाठीवर वळ आहेत तेही कळायचं. बोटं वळावर आली की बाई श्वास धरायची. झडतीबाई बोटं पुढे न्यायची आणि म्हणायची, "झालं. जा." ती कुणाचं कुणाला बोलली नाही. तिथल्या कुणाच्या तोंडात तीळ भिजत नसे, तिच्या मात्र पोतं भिजलं असतं. तरी बसमध्ये तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची. वैर नव्हतं. सुट्टीच्या दिवशी बाजारात एखादी समोर आली की हसायची, पोरांना "नमस्कार कर" म्हणायची, आणि बोलता बोलता हाताची घडी घालून घ्यायची. प्रत्येक जण तिच्यासमोर हाताची घडी घालायचा. नवरा होता तोवर तोही थट्टेत म्हणायचा, "खिसे रिकामे करून आलोय बाईसाहेब." आणि ती हसायची.

पुस्तकं घरात आली ती नातीच्या आजारपणात. पोरीला कांजिण्या आल्या, डोळे दुखायला लागले, वाचायला मनाई झाली. मग आजीने वाचून दाखवायचं ठरलं. "चोरांच्या गोष्टी? मी? अगं, तुझ्या आजीने जन्मभर चोर धरले की." "पण हे चांगले चोर आहेत आजी!" चांगले चोर! तिने नाक मुरडलं, चष्मा पुसला आणि सुरुवात केली. धुक्यात बुडालेलं एक शहर. तिथे माणसाच्या सावलीवर कर. जो भरणार नाही त्याची सावली राजाचे शिपाई कात्रीने कापून नेतात आणि तळघरात घड्या घालून ठेवतात. आणि त्या तळघरात शिरून सावल्या पळवणारी एक उनाड पोरगी. तिला पीस म्हणतात, कारण तिचा हात अंगाला लागला तर पीस लागल्याइतकाही कळत नाही. खोटारडी, उधळी, कुणाच्या बापाला न भिणारी. ज्याला लुटलं त्याला गच्चीवरून वाकून सलाम करणारी. पहिल्या भागात आजीचं तोंड सारखं चालू होतं. "हे पहारेकरी म्हणजे शेणाचे गोळे आहेत नुसते. बूट नको काढायला लावायला?" "आजी, मजा घालवू नकोस ना!" मुलगा दारातून जाता जाता म्हणाला, "आई, तू ही पुस्तकं वाचतेस म्हणजे मांजराने उंदराचं चरित्र वाचल्यासारखं आहे." सगळे हसले, तीही हसली. पुढे नात बरी झाली आणि पुस्तकं राहिली. घर रिकामं झालं की ती दुपारी नातीच्या कपाटातून पुढचा भाग काढायची, खूण जिथे होती तिथेच परत ठेवायची, आणि संध्याकाळी नात सांगायला लागली की पहिल्यांदाच ऐकल्यासारखं "अगं बाई!" म्हणायची.

तिला काय आवडत होतं ते तिने कुणाला सांगितलं नसतं. जीव मुठीत धरून मारलेल्या उड्या नाहीत, गरिबांना परत मिळालेल्या सावल्याही नाहीत. ते सगळं पोरांसाठी होतं. दुसऱ्या भागात एक वाक्य होतं, गर्दीतल्या सरदाराच्या छातीवरची साखळी पीस काढून घेते तिथलं: त्याला वाटलं, वारा आला. एवढंच. ते वाचून ती पुस्तक मिटायची. माणसाच्या छातीला हात लागतो आणि त्याला वाटतं वारा आला. तो आक्रसत नाही, भिंतीकडे बघत नाही, श्वास धरत नाही. चोरी होऊनही त्याची लाज त्याच्यापाशीच राहते. आणि झडतीबाईने उभ्या जन्मात कुणाचं काही नेलं नव्हतं, तरी तिच्या पडद्यामागून बाहेर पडणारी प्रत्येक बाई काहीतरी गेल्यासारखा चेहरा करून बटणं लावत असायची. हे तिला कारखान्यात असताना कधी सुचलं नव्हतं. तेव्हा काम होतं. म्हातारपणी, पांघरुणात पाय घेऊन, पोरांच्या पुस्तकात ते भेटलं, आणि तेव्हापासून आपले हात तिला जड वाटायला लागले. भांडी घासतानासुद्धा.

आज ती ठरवून आली नव्हती. पण ठरवून नव्हती म्हणावं, तर छत्री कशाला आणली होती? उन्हाला ती कधी छत्री घेत नसे. खोडरबरं घेऊन झाल्यावर ती नटण्याच्या सामानाच्या रांगेत शिरली. तिथे एक कामगार पोरगी पाठमोरी बसून बाटल्या मांडत होती, इतकी जवळ की तिच्या मानेवरचा तीळ दिसत होता. आजीचा हात पुढे गेला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. लिपस्टिक बोटांत आली, बोटं मिटली, छत्रीची घडी जराशी सुटली आणि पुन्हा बसली. पाठमोऱ्या पोरीने मान हलवली नाही. त्या क्षणापुरता हात हलका झाला, खांद्यापासून. वारा आला असं कुणालाही वाटलं असतं. तिला वस्तू नको होती, ती तर घरी जाऊन कचऱ्यातच टाकणार होती. हवा होता तो एवढा क्षण, आणि तो मिळाला होता.

आणि आता ही दुमडल्या बाह्यांची मुलगी म्हणत होती, जा आजी, सावकाश.

"असं नसतं बघायचं पोरी," तिच्या तोंडून गेलं. आवाज फाटकावरचा होता. किती वर्षांनी तो घशात आला होता. "हात लावायचा तर नीट लाव, नाहीतर लावू नको. आणि छत्री? छत्री नको उघडायला? आधी छत्री उघडायची असते."

"छत्री?" मुलीला वाटलं आजी विनोद करताहेत. ती हसली, आणि आजींचं मन राखायला म्हणून तिने पट्टा काढला. लिपस्टिक फरशीवर पडली, घरंगळत जाऊन खांबाला लागली, आणि खांब पुन्हा कोकलायला लागले.

तिने मुलीच्या तोंडाकडे बघितलं. चोर पकडल्यावर पकडणाऱ्याचा जो एक चेहरा होतो, तो तिला ओळखीचा होता, स्वतःच्या तोंडावरून. तो तिथे नव्हता. मुलीचे डोळे मऊ झाले होते. "अय्या आजी," ती हळूच म्हणाली, "आत पडली वाटतं." मॅनेजर आला. तिशीचा असेल. बहिऱ्याशी बोलतात तसं तो मोठ्याने, शब्द सुटे करून बोलायला लागला. "काही हरकत नाही आजी! होतं असं! माझी आईपण विसरते!" तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. "घरचा नंबर आठवतोय का?" त्याने विचारलं. तिने नंबर घडाघडा सांगितला, तेव्हा तो कौतुकाने "वा!" म्हणाला. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खुर्ची पडद्याआड नव्हती, दारातच होती, आणि येणारी-जाणारी माणसं तिच्याकडे बघून हसत होती, छान म्हाताऱ्या बाईकडे बघून हसावं तशी.

सून ऑफिसातून तशीच आली. तिने ती लिपस्टिक विकत घेतली, मॅनेजरची माफी मागितली, टॅक्सी केली. ही सून म्हणजे गुणाची, तिच्या तोंडून कधी वाकडा शब्द आला नव्हता. टॅक्सीत ती सासूचा हात हातात घेऊन बसली होती आणि म्हणत होती, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं आई. मीसुद्धा परवा ऑफिसचं पेन घेऊन घरी आले." आजीने आपला हात तिच्या हातात पडू दिला. सांगावं का? जिभेवर आलं होतं. पण चोरी केली हे गुणाच्या सुनेला टॅक्सीत कसं सांगायचं, ड्रायव्हर ऐकत असताना? आणि नाही सांगितलं तर काय होईल हेही तिला दिसत होतं. त्यांच्या वरच्या मजल्यावर एक मास्तर होते. एकदा गॅस चालू ठेवून फिरायला गेले, एवढंच. तेव्हापासून त्यांचा मुलगा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतो. मास्तर दिवसभर खिडकीत उभे असतात आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला "काय, कसं काय?" विचारतात. पहिल्यांदा लोक थांबायचे. आता वर न बघताच हात हलवतात. दुपारी दार ओढून घ्यायचं, किल्ली खिशात टाकायची, आणि कुणाला न सांगता चार रस्ते हिंडून, नातीला पोहण्याच्या क्लासवरून घेऊन घरी यायचं, एवढं एकच तिचं स्वतःचं उरलं होतं.

संध्याकाळी मुलगा लवकर आला. तेवढ्यावरूनच तिने ओळखलं. चहा झाला, कप उचलले गेले, आणि मग तो समोर बसला. नात खुर्चीवर पाय घेऊन कान टवकारून बसली होती, तिला कुणी आत जा म्हणालं नाही. "आई, घाबरायचं काही नाही. हिने डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, साधी तपासणी असते. तोवर किल्ली आमच्याकडे राहू दे. आणि पोरीला क्लासवरून आम्ही आणू."

"मी विसरले नाही," ती म्हणाली.

"बरं."

"बरं नाही. मी ती चोरली."

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. मुलगा हसला नाही, आणि तेच वाईट होतं. "आई, तू? जन्मभर चोर पकडलेस तू."

"म्हणूनच. मुद्दाम घेतली. ती पोरगी पाठमोरी होती. डाव्या हाताने छत्री अशी धरली, घडी सैल केली, इथे, दोन तारांच्या मध्ये..." ती करून दाखवायला लागली. हवेत छत्री धरली, हवेतून लिपस्टिक उचलली, बोटं मिटली. सगळं अचूक होतं, क्रम चुकला नाही. आणि जितकं अचूक होत गेलं तितके त्या दोघांचे चेहरे पडत गेले. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि मग तूच त्या मुलीला सांगितलंस, छत्री उघड म्हणून?"

"तिला धड झडती घेता येत नव्हती!"

"चोर असं सांगतो का, आई?" तो अगदी हळू म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा तिने ऐकल्या होत्या, रडणी ऐकली होती, शपथा ऐकल्या होत्या. पण स्वतःची झडती नीट घ्या म्हणून भांडणारा चोर तिनेही कधी बघितला नव्हता. एवढ्यात नात मध्येच म्हणाली, "बाबा, आजी बरोबर सांगतेय! पीस असंच करते, चौथ्या भागात, बाजारात, छत्रीतच!" आजीच्या बाजूने बोलतोय अशा उत्साहाने तिचे गाल लाल झाले होते. चौथा भाग आजीने वाचलाच नव्हता. पण मुलाने डोळे मिटले, आणि ते उघडले तेव्हा त्यांत सगळं ठरलं होतं. "बघ," तो सुनेला म्हणाला. "पुस्तकातलं आहे." त्याला बिचाऱ्याला सुटल्यासारखं वाटलं असावं. आई चोर नव्हती. आईचं नुसतं पुस्तक आणि दुकान एकात एक मिसळलं होतं.

ती उठून खोलीत गेली. खोली दोघींची होती, आजीची आणि नातीची. थोड्या वेळाने नात मागोमाग आली आणि दार लोटून पाठीने टेकून उभी राहिली. उत्साह उतरला होता. "आजी," ती म्हणाली, "खरंच घेतलीस?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो गं." तिला वाटलं, हिला तरी कळेल. हिच्याच पुस्तकातलं होतं ना ते? ती सांगायला लागली, हाताबद्दल, हलकं वाटण्याबद्दल, वाऱ्याबद्दल. पण शब्द नीट येईनात, आणि पोर तिच्याकडे बघतही नव्हती. नखाने दाराचा रंग खरवडत होती.

"पण का? तुला लिपस्टिक नको होती. पीस कुणासाठी तरी करते. तू कुणासाठी केलीस?"

आजीने पलंगावरची चादर ओढून सारखी केली.

"ती दारावरची ताई," नात म्हणाली, "आमच्या क्लासमधल्या एकीची बहीण आहे. ती घरी सांगणार. मग ती सगळ्यांना सांगणार." तिचा आवाज बारीक झाला. "आजी, तू परत नको ना म्हणूस चोरली म्हणून. बाबा म्हणतायत ना विसरलीस, तर तेच म्हण ना. आजी विसरते म्हटलं तर कुणी हसत नाही. सगळ्यांच्याच विसरतात."

पोरीने वर बघितलं, आणि बघता बघता आपल्या दोन्ही हातांची घडी छातीशी घालून घेतली. तिला ते कळलंही नसावं. आजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानात, टॅक्सीत, टेबलाशी झालं नव्हतं ते इथे झालं. जमीन दुभंगावी असं बायका म्हणतात ते तिला नेहमी उगाच वाटायचं. आता कळलं, माणसाला खरोखर खाली बघावंसं वाटतं, कुठे फट आहे का ते.

"बरं," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. रंग नको खरवडूस."

ती बाहेर आली. दोघं अजून टेबलाशीच होती, हलक्या आवाजात बोलत होती, ती आल्यावर थांबली. तिने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मघाशी मी काय बोलले कोण जाणे," ती म्हणाली. "मला दुकानातलं काहीच आठवत नाही." इतकं वाईट खोटं तिने फाटकावर एका क्षणात ओळखलं असतं. आवाज कोरडा होता, नजर भिंतीवर होती. पण मुलगा उठून जवळ आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हातात इतकी माया होती की तिला तो झटकावासा वाटला. सुनेने किल्ली उचलून आपल्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. घरात एकदम शांत झालं, मोठ्यांचं भांडण मिटल्यावर होतं तसं.

"आई," मुलगा म्हणाला, खेळीमेळीने म्हणाला, डॉक्टर काय विचारतील त्याची जरा तयारी म्हणून, "आज वार कोणता गं?"

नात खोलीच्या दारात येऊन उभी होती. आजीने तिच्याकडे बघितलं. आज गुरुवार होता. गुरुवारी क्लास नसतो, म्हणून तर ती आज एकटी दुकानात गेली होती.

तिने कपाळाला आठी घातली, बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं.

"मंगळवार ना?" ती म्हणाली.